सलोमीआत्याच्या मयताची तालीम

आमच्या घराण्यात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मयताची तालीम असते. मयत सलोमीआत्याचं. आत्या जिवंत आहे, ठणठणीत आहे आणि तालमीला पेटीवर तीच बसते.

नव्या माणसाला हे समजावताना माझी फार पंचाईत होते. आमच्या विम्याच्या ऑफिसात नवे साहेब आले तेव्हा पहिल्याच महिन्यात मी त्यांच्याकडे लवकर निघायची परवानगी मागायला गेलो. "आत्याच्या मयताचं आहे," मी म्हणालो. साहेब खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला स्वतःच्या हाताने पाणी दिलं. पुढच्या महिन्यात मी पुन्हा टेबलापाशी उभा. "अरे रे, आता कोण?" साहेबांनी विचारलं. "तीच, साहेब," मी म्हणालो. तेव्हापासून माझ्या टेबलावरून गेलेला प्रत्येक क्लेम साहेब स्वतः तपासतात.

सलोमीआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मिशनच्या दवाखान्यात मेट्रन होती. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण वॉर्ड काही तिच्या अंगातून गेला नाही. शरणपूर रोडच्या आतल्या गल्लीत तिचं बैठं घर आहे. तिथे पाहुणा आला की आत्या आधी त्याचा चेहरा उजेडाकडे करून डोळे बघते, मग बस म्हणते. माझं लग्न ठरलं तेव्हा रूथला, म्हणजे माझ्या होणाऱ्या बायकोला, तिने पहिला प्रश्न विचारला होता, "गातेस का?" आणि दुसरा, "लोह कमी आहे का गं तुझं?" रूथने पहिल्याचं उत्तर गाऊन दिलं. तिचा आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, ऐकून आत्याने लोहाचं प्रकरण मिटवलं आणि तिला डिंकाचे लाडू बांधून दिले.

गाण्यातलं सगळं आत्या दवाखान्याच्या भाषेत सांगते. सूर चढला की "ताप आलाय तुम्हाला." पुरुषांचा खालचा आवाज पडला की "बेसचं बीपी गेलं, पाय वर करा त्यांचे." कुणी कडव्याच्या मध्येच श्वास घेतला की "दमा आहे का?" आणि कुठेही काही चुकलं की पेटीच्या भात्यावर हात दाबून ती एकच वाक्य म्हणते, "परत. वरून." या दोन शब्दांनी आमच्या घराण्यातल्या कितीतरी संध्याकाळी खाल्ल्या आहेत.

माझ्या गाण्याबद्दल तिचं निदान मी पाचवीत असताना झालं. नाताळच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. मी छाती भरून गायलो. आत्याने पेटी थांबवली, मला जवळ बोलावलं, माझ्या घशात टॉर्च टाकून पाहिलं आणि आईला म्हणाली, "घसा चांगला आहे. बिघाड कानात आहे, आणि त्यावर औषध नाही. याला गाण्याचं पथ्य." तेव्हापासून मी पथ्यावर आहे. उभं राहायचं सगळ्यांबरोबर, पुस्तक धरायचं सगळ्यांसारखं, ओठ हलवायचे, पण आवाज काढायचा नाही. मी ओठ फार सुरेख हलवतो. चर्चमध्ये एका बाईंनी रूथला सांगितलं होतं, "तुमचे मिस्टर किती मन लावून गातात हो!"

माझ्या आवाजाबद्दल तुम्हाला कल्पना यावी म्हणून सांगतो. एकदा आमच्या शहरातल्या द्वारका चौकात आमची गाडी अडकली होती. चारी बाजूंनी हॉर्न. गाडीत आपलेच लोक, काचा बंद, म्हणून मी सहज गुणगुणलो. मागच्या सीटवरून माझी मुलगी म्हणाली, "पप्पा, काच खाली करा, बाहेरचं ऐकू."

तरीही खरं सांगायचं तर माझा जो काही विश्वास आहे तो या गीतांमधूनच आलेला आहे. प्रवचनं मी शेकड्यांनी ऐकली असतील, पण आज एकही धड आठवत नाही. पाळकसाहेबांना हे कळू नये अशी इच्छा आहे. गीतं मात्र आठवावी लागत नाहीत. रात्रीच्या जेवणाआधी आमच्याकडे घरची प्रार्थना असायची. वडील एक अध्याय वाचायचे, आई प्रार्थना करायची आणि मधे एक गीत. आम्ही भावंडं पोळीच्या वासाने कासावीस झालेली असायचो. त्या भुकेतच गीतं आत गेली आणि तिथेच मुरली. पुढे अपेंडिक्सच्या ऑपरेशननंतर मी भुलीतून जागा होत होतो तेव्हा कुठून तरी लांबून नदीपलीकडच्या घराचं गीत ऐकू आलं. मी मनात म्हटलं, पोचलो बुवा, आणि आपल्याला चक्क आत घेतलं. मग तोच आवाज म्हणाला, "डोळे उघड अन्या, सोंग पुरे. लघवी झाली का?" आत्या उशाशी बसून गात होती. नंतर नर्सने सांगितलं, ती दुपारपासून तिथेच होती.

तर मयताच्या तालमीचं मूळ आहे काकांच्या मयतात. प्रभाकरकाका म्हणजे आत्याचे यजमान. अत्यंत शांत माणूस. आत्या सांगायची ते ऐकायचं आणि ढोलकी वाजवायची, एवढंच त्यांनी आयुष्यभर केलं. ते गेले तेव्हा कबरीवर त्यांच्या आवडीचं गीत गायचं ठरलं. आता आमच्यात एक भानगड आहे. एकेका गीताला दोन-दोन चाली असतात. एक देशी, पेटी-टाळावरची, आणि एक विलायती, जुन्या मिशनरींनी आणलेली. शहरातले लोक विलायती चालीवर गातात, गावाकडचे देशीवर. कोणती घ्यायची हे आधी ठरवावं लागतं, आणि त्या दिवशी ते ठरवायचं राहून गेलं.

कबरीच्या एका बाजूला आमचा शहरातला कॉयर, म्हणजे चर्चचा गायकसंघ, होता. दुसऱ्या बाजूला दिंडोरीहून आलेली काकांच्या माहेरची, म्हणजे आपलं, घरची मंडळी होती. त्यांच्या पुढे काकांचे धाकटे भाऊ थोमाकाका, हातात टाळ घेऊन. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सुरुवात केली. शब्द तेच, देव तोच, मयत तेच, पण चाली दोन. मागे हटायला कुणी तयार नाही. शहरवाल्यांनी आवाज चढवला, दिंडोरीवाल्यांनी टाळ चढवले. देशी चाल जलद, त्यामुळे ते लोक आधी संपवून बसले आणि 'आता बघा गंमत' अशा चेहऱ्याने आमच्याकडे पाहू लागले. आमची अजून दोन कडवी बाकी होती. पाळकसाहेबांना मूठभर माती टाकायला मधे जागाच सापडेना.

मी तेव्हा आत्याच्या शेजारी उभा होतो. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण जबडा घट्ट आवळलेला होता. "आयुष्यभर तालात राहिला रे तो माणूस," ती मला म्हणाली. "आणि यांनी त्याला असा पोचवला."

चाळिसाव्या दिवशी तिने दोन्ही बाजूंना घरी बोलावलं, मटण-भाकरी खाऊ घातली आणि हात धुवायच्या आत जाहीर केलं, "माझ्या वेळी असं नको. मी स्वतः बसवून घेणार. उद्या तुम्ही चुकलात तर मला उठून सांगता येणार नाही." थोमाकाका म्हणाले, "वैनी, असं वंगाळ बोलू नये. तुमाला काय बी होत नाय." आत्या म्हणाली, "भाऊजी, मी तुमच्यापेक्षा जास्त मयतं पाहिलीत. टाळ घ्या."

तेव्हापासून तालीम सुरू आहे. तीन गीतं ठरलेली आहेत. एक घरातून उचलताना, एक वाटेवर आणि एक कबरीवर. चालीचा वादही तिने मिटवला. घरातलं देशी, वाटेवरचं विलायती, कबरीवरच्या गीताला पहिली कडवी विलायती आणि शेवटचं देशी, टाळांसकट. हे असलं कलम कुठल्याच चर्चमध्ये कुणी ऐकलेलं नसेल, पण दोन्ही बाजूंची तोंडं बंद झाली. जेवणाच्या टेबलाभोवती प्रत्येकाची खुर्ची ठरलेली. पेटीजवळ रूथ, तिच्यापुढे माझा मोठा भाऊ जयंत बेसला, खिडकीपाशी थोमाकाका, आणि स्वयंपाकघराच्या दारात, सगळ्यात लांब, मी.

मध्येच आत्या वातावरणनिर्मितीही करते. "आता मला बाहेर आणलंय," ती पेटीवरून सांगते, "जयंता, तू उजवा पुढचा. दाराची चौकट सांभाळ, खरचटवू नकोस मला." एकदा शेजारच्या जोशीबाई विरजण मागायला आल्या आणि हे ऐकून तशाच परत गेल्या.

हे वर्षानुवर्षं चाललं. कंटाळा सगळ्यांनाच आला होता. जयंताचं गंगापूर रोडला लग्नकार्यांना साउंड सिस्टीम भाड्याने द्यायचं दुकान आहे, त्याचे शनिवार धंद्याचे. थोमाकाकांची द्राक्षबाग. "छाटनी चालू हाय," "फवारनी राह्यली हाय," असं फोनवर कण्हत का होईना ते यायचे, कारण वहिनीला नाही म्हणायची हिंमत त्यांच्यात नव्हती. मुलांचे क्लास. आणि सगळ्यात जास्त कंटाळा मला. तुम्ही तासन् तास नुसते ओठ हलवून बघा. दाढ दुखते.

तोडगा काढला इम्माने. इम्मा म्हणजे इम्मानुएल, आत्याचा एकुलता एक मुलगा. तो कॅनडात असतो. मुलगा चांगला आहे, दर रविवारी व्हिडिओवर येतो, आईच्या गोळ्यांची चौकशी करतो. एका तालमीच्या वेळी त्याचा फोन आला. जयंताने त्याच्यापाशी कुरकुर केली तेव्हा तो म्हणाला, "अरे सोपं आहे! एकदा मस्त रेकॉर्ड करून ठेवा ना. वेळ येईल तेव्हा स्पीकरवर लावा. सूर चुकायचा प्रश्न नाही, मम्मीला पण टेन्शन नाही. आणि मला समजा वेळेवर यायला नाही जमलं, तर मला पण पाठवता येईल."

सगळ्यांच्या तोंडावर उजेड पडला. मी तर टाळ्या वाजवल्या. जयंत म्हणाला, "माझ्याकडे सगळं सामान आहे, पुढच्याच तालमीला करून टाकू. काय आत्या?" आत्या पेटीच्या पट्ट्या पुसत होती. काळ्या पुसल्या, मग पांढऱ्या पुसल्या, मग पुन्हा काळ्या. "करा," ती म्हणाली. त्या दिवशी तिने कुणाचाच ताप मोजला नाही.

रेकॉर्डिंगच्या आधल्या दिवशी जयंताने मला एक्स्टेन्शन बोर्ड आत्याकडे टाकायला सांगितलं. घराण्याच्या संगीतात माझ्याकडे अशाच प्रकारची कामं येतात. ऑफिसमधून दुपारीच निघून मी गेलो. दार उघडं होतं, जाळीचं दार लोटलेलं. आतून गाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं रेडिओ.

आत्या जेवणाच्या टेबलापाशी होती. आधी ती रूथच्या खुर्चीत बसली आणि आल्टोच्या दोन ओळी गायली. उठली. टेबलाला धरून धरून जयंताच्या खुर्चीपर्यंत गेली, बसली, हनुवटी छातीला टेकवून बेस गायली. मग खिडकीपाशी थोमाकाकांच्या खुर्चीत बसून दोन बोटांनी टेबलावर टाळ वाजवला. मधेच त्यांच्यासारखं खाकरली सुद्धा. मग स्वयंपाकघराच्या दाराशी माझ्या खुर्चीत येऊन बसली. पुस्तक धरल्यासारखे हात धरले आणि नुसते ओठ हलवले.

मला हसू आलं. अगदी हुबेहूब मीच! मग जाळीच्या दारावरचा हात मी मागे घेतला. ती माझ्या खुर्चीत बसून सबंध कडवं ओठ हलवत राहिली. एक शब्दही गाळला नाही. घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

म्हणजे महिन्यातल्या बाकीच्या दिवसांत ही बाई अशी घर भरून घेते, हे माझ्या लक्षात आलं. आणि आम्ही उद्या तिला एक छानपैकी रेकॉर्डिंग करून देणार होतो आणि आपापले शनिवार घेऊन जाणार होतो. मला आत जाऊन काही बोलायचं धाडस झालं नाही. बोर्ड पायरीवर ठेवला, बेल वाजवली आणि सरळ स्कूटर काढली. पळपुटेपणात माझा सूर कधी चुकत नाही.

शनिवारी जयंताने माइक लावले, कानाला हेडफोन लावला आणि मला म्हणाला, "अन्या, तू ओठ पण जरा लांबूनच हलव." सगळे उत्साहात होते. सुटका जवळ आली की माणूस किती चांगला गातो! घरातलं गीत पहिल्या फटक्यात झालं. वाटेवरचंही झालं. रूथचा आल्टो असा काही लागला होता की मलाच माझ्या नशिबाचं कौतुक वाटलं. थोमाकाकांनी खाकरणं आवरलं. आत्या पेटीवर ताठ बसली होती. तिने एकदाही भाता दाबला नाही, कारण दाबण्यासारखं काही घडतच नव्हतं.

कबरीवरचं गीत सुरू झालं. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. सगळं नितळ. जयंताने गाता गाताच अंगठा वर केला. आता फक्त शेवटचं कडवं. थोमाकाकांनी टाळ उचलले.

तेवढ्यात आत्याने माझ्याकडे पाहिलं.

तिचा उजवा हात पेटीवर होता आणि डावा, भाता सोडून, वर आला. त्या हाताने ती एकेकाला 'ये' म्हणते. आल्टोला म्हणते, बेसला म्हणते. मला त्या हाताने आजवर फक्त 'गप्प' एवढंच सांगितलेलं होतं. मी मागे वळून पाहिलं, स्वयंपाकघरात कुणी उभं आहे का. फ्रिज होता. पुन्हा आत्याकडे पाहिलं. हात माझ्याकडेच होता. भुवया वर. तिच्या चेहऱ्यावर मेट्रनपणाचा लवलेश नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काही मागताना पाहिलं.

मी छाती भरली आणि गायलो.

कसा गायलो ते विचारू नका. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं. देशी चालीत सुरुवात केली, मधे कुठेतरी विलायतीत शिरलो आणि शेवटी दोन्हींच्या पलीकडे गेलो. जयंताने हेडफोन असा ओढून काढला की जणू चटका बसला. थोमाकाकांचे टाळ हवेतच राहिले. "आरं, कोन वरडलं रं?" ते म्हणाले. रूथ माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं मला काहीतरी झटका आला.

आत्याने भात्यावर हात दाबला. "परत," ती म्हणाली. "वरून."

"आत्या, फक्त शेवटचं कडवं परत घेऊ ना," जयंत काकुळतीला आला. "बाकी सगळं फर्स्टक्लास आलंय. मी जोडून देतो."

"जोडून?" आत्या म्हणाली. "तुकड्यातुकड्याने पुरणार आहात का मला? सगळं एका दमात पाहिजे. आणि आज नाही, माझा हात दुखतोय. पुढच्या महिन्यात बघू."

"मग पुढच्या महिन्यात अन्याला बाहेर बसवू."

"का म्हणून? भाचा आहे तो माझा. माझ्या मयताला गायचं नाही तर कुणाच्या गायचं त्याने? त्याच्यावर जरा मेहनत घ्यावी लागेल, इतकंच." तिने क्षणभर हिशोब केल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "वेळ लागेल. केस जुनी आहे."

जयंत वायरी गुंडाळताना मला जे बोलला ते उपासनेच्या संदर्भात लिहिण्यासारखं नाही. थोमाकाका मात्र मटणाचा वास घेत म्हणाले, "जाऊ द्या हो. येऊ परत. तेवढंच वैनीच्या हातचं जेवन." पानं मांडायला मी स्वयंपाकघरात गेलो तर आत्या माझ्या ताटात मटणातली नळी वाढत होती. ती नळी आजवर जयंताला, म्हणजे बेसला, जायची.

"काल बोर्ड ठेवून गेलास," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "आत का नाही आलास?"

मी म्हणालो, "माझी खुर्ची भरलेली होती."

आत्याचा पळीचा हात थांबला. ती हसली नाही, रागावलीही नाही. "तुम्ही गेलात ना अन्या, की घर फार मोठं होतं रे," ती म्हणाली. मग पदराने पळीची कड पुसली आणि मेट्रनच्या आवाजात म्हणाली, "आजपासून तुझं पथ्य सुटलं. ताट घे."

त्यानंतर बऱ्याच तालमी झाल्या. रेकॉर्डिंग अजून झालेलं नाही. दर वेळी सगळं छान जमत येतं आणि शेवटच्या कडव्याला आत्याचा डावा हात वर येतो. मध्यंतरी रूथ म्हणाली, "अहो, घरी थोडा सराव करत जा, मी शिकवते." मी स्पष्ट नाही म्हणालो. उगाच जोखीम कशाला घ्या? चुकून एखादे दिवशी सूर लागून जायचा.